चार वाजताचं आवतण

जहाजावर रोज दुपारी चार वाजता चहा असतो, असं मी सांगितल्यावर आईने विचारलं, "कोनाकडे?"

मी म्हटलं, कोणाकडे नाही, सगळ्यांसाठीच असतो. तिला ते पटलं नाही. आमच्या गावी, अनसिंगला, चहा नेहमी कोणाकडे तरी असतो. ज्याच्याकडे आपण पितो त्याला आपल्याकडे बोलवावं लागतं, आणि तो आला नाही तर का आला नाही हे पुढची दोन-तीन वर्षं लक्षात ठेवावं लागतं.

मी वाशीमला बँकेत आहे. आई अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि अनसिंगच्या घरी राहते. समुद्र तिने टीव्हीवरच पाहिलेला. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं मी काढली तेव्हा तिने बॅगेत कपड्यांच्या आधी चहापत्ती, आलं, दूध पावडर, थर्मास आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कपबश्या भरल्या.

"आई, तिथे सगळं मिळतं."

"मिळते ते त्यायचं. कोनी आपल्याकडे आलं तं?"

"समुद्रात कोण येणार आहे आपल्याकडे?"

"हजार-दोन हजार मानसं हायेत म्हन्तं ना तू? त्यातलं एकबी येनार नाई?"

मी बॅगेची चेन ओढली.

जहाजावर आई माझ्यापेक्षा लवकर रुळली. पहिल्याच संध्याकाळी संकटकाळी कुठे जमायचं ते दाखवायला सगळ्यांना केशरी जाकिटं घालून रांगेत उभं केलं, तर हिने जाकीट सांभाळत आमच्या रांगेतली डोकी मोजली. तीसेक वर्षांची सवय. दुसऱ्यांदा मोजताना दोन कमी भरली, तसं तिने शिट्टी वाजवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला बोटांनी करून दाखवलं. तो सलाम ठोकून पुढे गेला. रात्री खोली आवरणाऱ्याने पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला. आई तो मोडू देईना. "एवढ्या मेहनतीनं केला त्यानं." दुसऱ्या दिवशी ससा आला, तिसऱ्या दिवशी माकड. पलंगावर जनावरं वाढत गेली आणि आम्ही दोघी अंग ओढणीने पुसू लागलो.

चार वाजताचा चहा मोठ्या दिवाणखान्यात असे. पांढरीशुभ्र टेबलं, कोपऱ्यात पियानो, आणि तीन मजली ताटलीत काकडी घातलेले पावाचे तुकडे, कडा कापलेले. "कडा काहून कापल्या? कोनं खाल्ल्या?" आईने तुकडा उलटून पाहिला. मग किटलीत नुसतं काळं पाणी आलं, दूध वेगळ्या भांड्यात, साखर वेगळी. आई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "सामान आनून देल्लं यायनं. चाय कोन करन?"

चहा केला तो आमच्या टेबलावरच्या वेटरने. पन्नाशीचे, ओडिशाचे गृहस्थ, काळा टाय, कानाजवळ पिकलेले केस. आईची पंचाईत पाहून त्यांनी स्वतः दूध घातलं, साखर घातली, ढवळून कप पुढे ठेवला, आणि तिचे गुडघे दुखतात हे तिने न सांगता ओळखून खुर्ची जवळ ओढून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईने कप खाली ठेवला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "भाऊ, तीन दिन से हम आप का पी रहे. कल हमारे खोली पे आना. चाय को."

ते हसले. मग दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या साहेबाकडे त्यांची नजर गेली. "नहीं आंटीजी. मना है हमको. मेहमान के कमरे में बैठे तो नौकरी जाएगी."

"बरं," आई म्हणाली आणि उरलेला चहा तसाच टाकून उठली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमचं घर बौद्धांचं. गावात आता तोंडावर कोणी काही बोलत नाही. लग्नांना येतात, फोटो काढतात. चहाचं मात्र निराळं आहे. आमच्याकडे चहा नाकारायच्या सगळ्या तऱ्हा आईला पाठ आहेत: आत्ताच झाला, ॲसिडिटी आहे, चतुर्थी आहे, डॉक्टरांनी बंद केलाय. एकदा अंगणवाडी तपासायला आलेल्या एक बाई घरी आल्या. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, "काय सुंदर झालाय हो" असं दोनदा म्हणाल्या, आणि त्या गेल्यावर जास्वंदीच्या कुंडीतून वाफ निघताना आईला दिसली. ती जास्वंद पुढे वेड्यासारखी फुलली, ते सोडा. तेव्हापासून आईचा "सुंदर झालाय" या शब्दांवर विश्वास नाही. पाहुणा चहा पिताना ती त्याच्या गळ्याकडे बघत बसते, घोट खाली उतरतो की नाही ते पाहायला. त्यामुळे चांगल्या माणसांनाही ठसका लागतो.

खोलीत आल्यावर मी तिला समजावलं, की हा खरंच जहाजाचा नियम आहे.

"नियमच सांगतेत सगळे," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मला त्या क्षणी भयंकर राग आला. जहाजाचा, त्या बाईंचा, माझा स्वतःचाही. एवढ्या लांब समुद्रात आणूनही मी आईला त्याच ओट्यावर बसवलं होतं. मी रडले, आणि समोर टॉवेलचं माकड माझ्याकडे बघत होतं.

सकाळी मी म्हटलं, "ते खोलीवर येऊ शकत नाहीत, पण आपला चहा तर तिथे जाऊ शकतो?"

आई लगेच उठून बसली. दुपारी तिने बाथरूमच्या कट्ट्यावर कपाच्या बुडाने आलं ठेचलं. खोलीतल्या विजेच्या किटलीत चहा उकळला; तो दोनदा उतू गेला आणि ससा भिजला. साखर तेवढी ती घरी विसरली होती. मी चष्मा न लावताच जेवणघराकडे पळाले आणि टेबलावरच्या कागदी पुड्या मूठभर उचलून आणल्या. आईने सगळ्या थर्मासात ओतल्या. आधी चाखून पाहणं तिच्या हिशेबात बसत नाही, पाहुण्याला उष्टं दिल्यासारखं होतं ते.

चार वाजता पियानो सुरू झाला. आईने त्या पांढऱ्या टेबलावर स्वतःची कपबशी मांडली, थर्मासातून चहा ओतला आणि वेटरभाऊंपुढे धरला. "आप नहीं आ सकते ना. हम आये."

कप त्यांनी ट्रेमध्ये ठेवला, वर पांढरा रुमाल टाकला आणि साहेबासमोरून सरळ आतल्या दाराने निघून गेले.

आईचे डोळे त्या दारावर. "तिथं आत कुंडी असन का वं?"

"जहाजावर कुंड्या नसतात, आई." नेमका दाराशीच भलामोठा पाम होता. "तो प्लास्टिकचा आहे," मी म्हटलं.

पियानोवाल्याचं एक गाणं संपलं, दुसरं संपलं. आईने रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग ते आले. ट्रेमध्ये कप रिकामा होता.

"कैसा हुआ?"

"बहुत अच्छा, आंटीजी."

आईचा चेहरा पडला. तिने कप पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. ते दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन टेबलावर वाकले. "बुरा मत मानिए. चीनी की जगह नमक पड़ गया है. आप लोग मत पीजिए."

आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "पेला वं! खरंच पेला त्यानं!"

मग तिने थर्मास उघडला, दुसरी कपबशी माझ्यापुढे सरकवली, आणि त्या दिवाणखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा भुरका मारत बशीतला खारट चहा पिऊ लागली. मीही प्यायले. थर्मास रिकामा होईपर्यंत आम्ही उठलो नाही.