स्टुलावरचे पाय

कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि मी अकोल्याला जठारपेठेत, बाबांच्या घरी, नुसता पडून होतो. दुसरं महायुद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. नागपूरहून टपाल आणि माणसं नेणारं विमान मी चालवत असे. ते पुन्हा चालवायचं तर डॉक्टरचं ‘फिट’ असं सर्टिफिकेट हवं. महिन्याभरात नागपूरला तपासणी होती. गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना हात लावून दाखवायचा, एवढंच. म्हणे एवढंच!

वकिली नको, मास्तरकी नको, म्हणून घरात भांडून मी विमानात चढलो होतो. आता कोणत्या तोंडानं उतरू? दुसरं काही येतच नव्हतं मला.

म्हणून रोज अंघोळ झाली की बाबांच्या पाया पडायचो. भक्ती कसली, सराव! पण तिसऱ्याच दिवशी पाहतो तर बाबांनी खुर्चीपुढे स्टूल ओढून दोन्ही पाय वर ठेवलेले. शाळेत जन्मभर पोरांना ओणवं उभं करणारा हा मास्तर! मी चिडलो.

“बाबा, पाय खाली ठेवा ना.”

“राहू दे. इथूनबी आशीर्वाद पोचते.”

तेवढ्यात अमरावतीहून आत्या आली, ती एका पायाळू बाईला घेऊनच. पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, म्हणे.

“आत्या, ही उसण नाही, ऑपरेशन आहे!”

“तुले काय समजते? झोप पालथा.”

वाद घालायचंही त्राण नव्हतं. झोपलो. कमरेवर पाय टेकलेला कळला. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी कंटाळून म्हटलं, “बाई, आटपा की.”

“डाव्या पोटरीवरच पाय हाय की माहा,” बाई म्हणाली.

समोर बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. विमान धावपट्टीवर सरळ ठेवायचं ते दोन्ही पायांनी, हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

निघायच्या सकाळी बाबांचे पाय जमिनीवर होते. मी वाकलो, बोटांना हात लावला आणि सरळ उभा राहिलो. जमलं! काय आनंद झाला होता!

“वाकता तर येते तुले,” बाबा म्हणाले. “पण त्या बाईचा पाय तुले काहून समजला नाही, ते डॉक्टरले सांग.”

“त्यानं विचारलं नाही तर?”

“तरी सांग. तुह्या मागं माणसं बसते.”

गाडीत चांदूर रेल्वे स्टेशन येईपर्यंत मी बाबांवर मनातल्या मनात दातओठ खात होतो. पुढे रागाचाही कंटाळा आला.

नागपूरला एका दमात बोटांना हात लावला. डॉक्टर खूश. सही करायला त्यांनी पेन उघडलं आणि मी म्हणालो, “डाव्या पोटरीला स्पर्श कळत नाही.” त्यांनी टाचणी टोचून पाहिली, दोनदा. मग ‘अनफिट’ लिहिलं. शर्टाची बटणं लावताना मला रडू आवरेना.

घरी आलो तेव्हा बाबा खुर्चीतच होते, पाय खाली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. वाकून स्टूल पुढे ओढलं आणि दोन्ही पाय वर ठेवले.

मी त्यांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.