भिंगापुढचा हात

आमच्या पाचूबंदरात चर्चच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मैदानात सिनेमा दाखवायचे. दोन माडांच्या मधे पांढरा पडदा ताणलेला असे. समुद्रावरून वारा आला की तो शिडासारखा फुगायचा, मग नायिकेचा गाल फुगायचा, नायकाचं कपाळ लांबत जायचं. सिनेमातली माणसं अशीच श्वास घेतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पडद्यापासून लांब, मैदानाच्या मागच्या बाजूला मशीन, आणि मशीनशेजारी लाकडी खुर्चीवर आमच्या शाळेचे सर. फादरांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं होतं. सिनेमा ते आधी शाळेच्या हॉलमध्ये दारं लावून एकटे बघून घेत. मग सणाला, मुलांनी बघू नये असं काही पुढे आलं की भिंगासमोर आपला तळवा धरत. पडदा काळा व्हायचा, बोटांच्या फटींतून थोडा उजेड झिरपायचा. आवाज मात्र चालूच राहायचा. बांगडी वाजायची, कोणीतरी हळू हसायचं, सतार वाजायची. पोरं शिट्ट्या मारायची. एकदा मागून एक नाखवा म्हणाला, "सर, तुमचं लगीन झालंय, आमचं बी झालंय. आता हात काढा की." सगळं मैदान हसलं. सरही हसले असतील, पण हात हलला नाही.

असल्या वेळी मी डोळे मिटून घ्यायचो. माझा सिनेमा आत चालू राहायचा.

त्यातला एक मला अजून आठवतो. जहाजावर गेलेला माणूस खूप वर्षांनी घरी येतो. खांद्यावर पत्र्याची पेटी. बायको दार उघडते, आणि तेवढ्यात सरांचा हात. माझे वडील तेव्हा बोटीवर असायचे, गेले की दिवसचे दिवस यायचे नाहीत. घरी आलेला माणूस बायकोशी काय बोलतो हे मला बघायचंच होतं. हातामागे फक्त पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मिटल्या डोळ्यांनी मी बघितलं की त्याने पेटी उघडली आणि पेटीतून समुद्र बाहेर आला. तो ओटीवरून चुलीपर्यंत गेला, आणि आईची भांडी त्यावर होड्यांसारखी तरंगायला लागली.

माझ्या आधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीनंतर माझ्यापुढे बोट नाहीतर वालीवचा कारखाना, एवढंच होतं. सर चपला हातात घेऊन वाळूतून चालत आले. वडील जाळं दुरुस्त करत होते. सर त्यांच्या शेजारी खाली बसले आणि बराच वेळ बोलले. शेवटी वडील म्हणाले, "तुमी म्हनता तर जाऊ द्या. पन परत आला पायजे." कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी सर माझ्याबरोबर रांगेत उभे होते. मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळे. मी परत यावं आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवावं, ही त्यांची इच्छा होती. जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी फादरांकडे माझ्यासाठी शब्दही टाकला.

मी ती नोकरी घेतली नाही. मुंबईत एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागलो, आणि सिनेमावर लिहिणारा माणूस सोडून गेला तेव्हा संपादकांनी ते सदर मला दिलं. बंदरावर त्याची गंमत झाली. "सिनेमा बघून पगार घेतो, मग झोप लागली तर ओव्हरटाईम देतात का रं?" असं शेजारचे काका विचारायचे. आई मात्र माझं नाव छापलेलं पान मडक्याखाली कधी घालायची नाही. सर काहीच बोलले नाहीत. भेटले की तब्येत विचारायचे, आईची चौकशी करायचे आणि पुढे जायचे. सदर सुरू होऊन वर्षं झाली, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांची मेहनत मी वाया घालवली असं त्यांना वाटतं का, हे मला विचारता येत नव्हतं.

पत्रकारांसाठीचे खेळ लहानशा थंड थिएटरात असत. तिथे कोणी हात धरत नव्हतं. सगळं दिसायचं. तरी एखादा प्रसंग फार चांगला आला की मी नकळत डोळे मिटायचो, आणि शेजारच्याला वाटायचं मी झोपलो. एका फिल्म सोसायटीत तो जहाजवाल्या माणसाचा सिनेमा पुन्हा लागला. हातामागे काय होतं ते मला तिशीजवळ आल्यावर कळलं.

दरम्यान घरोघरी केबल आली आणि मैदानातला सिनेमा बंद पडला होता. मग एका वर्षी बंदरावरच्या तरुण मुलांनी तो पुन्हा करायचं ठरवलं. विरारहून प्रोजेक्टर भाड्याने आणला. सिनेमा कुठला ते मी सांगायचं होतं, आणि मशीनही मीच सांभाळायचं होतं. मी त्याच जहाजवाल्या सिनेमाची डिस्क मिळवून आणली.

सर निवृत्त झाले होते, काठी घेऊन आले. त्यांच्यासाठी खुर्ची पुढे, फादरांशेजारी ठेवली होती. त्यांनी ती उचलायला लावली आणि मशीनजवळ आणवली.

माणूस पेटी घेऊन दारात आला. बायकोने दार उघडलं. आणि सरांचा हात भिंगापुढे आला. पडदा पुन्हा काळा झाला. जुनी माणसं खदखदून हसली.

सर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तू हा पूर्ण बघितलायस ना?"

"हो, सर."

"मग सांग. धरू की काढू?"

हे त्यांनी कधी कोणाला, फादरांनाही, विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"काढा, सर."

हात गुडघ्यावर गेला. पडद्यावर बायको तांब्याने पाणी ओतत होती, तो पाय धूत होता. तिने पदराने त्याची पाठ पुसली आणि क्षणभर तिथे गाल टेकला. एवढंच. मैदानात कोणी शिट्टी मारली नाही.

"बाकीची पोरं माझ्या नावाने ओरडायची," सर म्हणाले. "तू डोळे मिटून बसायचास. ओठ हलायचे तुझे. मला वाटायचं प्रार्थना करतोयस. फादरांना म्हटलंसुद्धा, हा पाद्री होईल."

"तुम्ही सिनेमा बघत नव्हतात?"

"तो बघितलेलाच असायचा. मी तुमच्याकडे बघायचो." ते पडद्याकडे बघत म्हणाले, "मग तुझा एक निबंध हाती आला, तेव्हा कळलं आत काय चाललंय. तसा बघणारा पोरगा बोटीवर जाऊ द्यायचा नव्हता मला."

अंधार होता म्हणून मला विचारता आलं. "सर, माझं सदर वाचता का?"

"दर आठवड्याला. चांगलं लिहितोस." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पण मधेमधे स्वतःचाच सिनेमा सांगत बसतोस, तेव्हा तूच हात धरतोस. लोकांना बघू दे जरा."

मी हो म्हणालो. पडद्यावर त्या माणसाने पेटी उघडली होती. आत साबण होता, एक लुगडं होतं, मुलासाठी चावीचं खेळणं होतं. वाऱ्याने पडदा फुगला, पेटी लांब झाली, आणि सर खुर्चीत मागे टेकून पुढचा सिनेमा बघू लागले.