ठशांची पेटी

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले. ते नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही.

जालन्यात पंक्चरच्या दुकानातली हवेची टाकी फुटली आणि दुकान चालवणारा जागीच गेला. पंचनाम्यात टाकीचा पत्रा आतून गंजून कागदासारखा झालेला दिसला. वरची नावाची पट्टी मात्र कोरी करकरीत होती. कारखान्याचे नाव, क्रमांक, दाबाचा आकडा, चालू वर्ष, सगळे उठावाच्या अक्षरांत. कारखानदार म्हणाला, पट्टी आमची नाहीच, कुणीतरी नक्कल केली.

एका भंगारवाल्याने खबर दिली, "साहेब, असल्या पट्ट्या मस्तगडला एक चाचा करून देतात."

चाचांचे दुकान म्हणजे एक बाकडे, हँडप्रेस आणि पोलादी ठशांची पेटी. दोन ठशांमध्ये पट्टी ठेवून प्रेस दाबला की अक्षर वर उठायचे. तेवढ्यावर घर चालायचे. आम्ही प्रेस, पेटी आणि चाचा, तिघांनाही ठाण्यात आणले.

"पट्टी मीच केली," त्यांनी लगेच कबूल केले. "पण त्यावर काय लिहिलंय ते मला ठाऊक न्हाई. मला वाचता येत न्हाई, साहेब. ते चिठ्ठीवर लिहून आणतात, मी बघून उठवतो."

आमचे हवालदार हसले. "तीस वर्षं अक्षरं करून राह्यले अन् वाचता येत न्हाई? मंग मी बी एसपी आहे म्हणा."

मलाही पटले नाही. दोन दिवस त्यांना बाकावर बसवून ठेवले. तेच प्रश्न, तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वडील आठवले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वडील धावड्याला शेती करायचे, सही म्हणून अंगठा लावायचे. पण जालन्याची एसटी पाटीवरच्या अक्षरांच्या आकारावरून बरोबर ओळखायचे. मी कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि पेटी चाचांपुढे ठेवली. त्यांनी एकेक ठसा काढून अचूक ओळीने मांडला.

"काय लिहिलंय?" मी विचारले.

"तुम्हीच सांगा."

मी 'WATER', म्हणजे पाणी, असे लिहिले होते.

"म्हणून तर चिठ्ठ्या ठेवतो," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हटलं अक्षर चुकलं, तर दाखवाया पाहिजे. पहिल्याच दिवशी बोल्लो होतो, दुकानात तार बघा."

ते खरेच बोलले होते. आम्ही ऐकले नव्हते. दुकानाच्या भिंतीवर तारेत चिठ्ठ्या ओवल्या होत्या, प्रत्येकीला पट्टीचा एक नमुना टाचलेला. आमच्या टाकीचा क्रमांक सापडला. चिठ्ठी कारखानदाराच्याच हातची होती; जुन्या टाक्यांना नवी पट्टी लावून तोच विकत होता. हस्ताक्षर तज्ज्ञानेही तेच सांगितले.

चाचा साक्षीदार झाले. जाताना त्यांनी एवढेच विचारले, "माझी पेटी?"

"मिळेल जल्दी. माझा शब्द आहे."

सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, खटला चालू असतानाच पेटी आणि प्रेस परत मिळावेत म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, हे मला माहीत होते. त्यांना ते दुसरे कुणी सांगणार नव्हते, ते मीच सांगायचे होते. सांगायचे राहून गेले. मग माझी बदली झाली.

निकाल लागायला चार वर्षे गेली. कारखानदाराला शिक्षा झाली. मी मुद्देमाल खोलीतून पेटी आणि प्रेस सोडवले आणि स्वतः घेऊन गेलो. चाचा मेव्हण्याच्या फळांच्या गाड्यावर केळी विकत होते. दुकान कधीच सुटले होते.

त्यांनी पेटी उघडली. ठसे गंजले होते. एक उचलून अंगठ्याने घासला, अक्षराच्या कडा झडल्या.

"आता उठायचं न्हाई यानं," ते म्हणाले. मग पेटीवरच्या कागदाकडे बोट केले. "हे काय लिहिलंय?"

ते माझेच अक्षर होते. "गुन्ह्यात वापरलेले साहित्य."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"फॉर्मात तसंच लिहितात, चाचा."

त्यांनी मान हलवली. "हां. मी बी तसंच करायचो. चिठ्ठीत असंल ते."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरे झाले असते.

गुन्हेगार मी पुष्कळ पकडले. पण समोरचा माणूस खरे बोलतो आहे हे ओळखायला मला दोन दिवस लागले, आणि पेटीच्या अर्जाचे सांगायचे तर राहूनच गेले. दोन्हीची किंमत मी भरली नाही, त्यांनी भरली. एवढेच या प्रकरणातून शिकलो.

पेटी मिळाल्याची पोचपावती घ्यायची होती. चाचांनी सवयीने अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड मागे घेतला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मग अंगठा घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे मी पहिल्यांदाच करत होतो.