बस्त्यावकाकांच्या गाडीचे इंडिकेटर

डावा इंडिकेटर दिला. पुढचा दिवा लागला, पण मिणमिणता, आणि तसाच लागून राहिला. मागचा लागलाच नाही. उजव्या बाजूचीही तीच गत.

"उद्या सकाळी पासिंग आसा, मेस्त्री," बस्त्यावकाका म्हणाले.

बस्त्यावकाका होड्या रंगवतात. वय अडुसष्ट, राहायला मालवणात, कामं तारकर्लीपासून तोंडवलीपर्यंत. सगळीकडे जातात ते याच जुन्या मोटारसायकलवरून. तिची पंधरा वर्षं भरली होती, म्हणून आरटीओकडे पुन्हा पासिंग करायचं होतं. नाही झालं तर गाडी भंगारात घालायची, असं मुलाने बजावलं होतं.

"झील म्हणता, आता पुरे झाला, घराक बसा. गाडी गेली की मी बसलंयच समज."

"इंडिकेटरच आसत मा? अर्ध्या तासाचा काम," मी म्हटलं. मालवणात तीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. इंडिकेटर म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

पहिला संशय फ्लॅशरवर. इंडिकेटरची उघडझाप करणारी छोटी डबी असते, ती फ्लॅशर. नवीन लावला. फरक शून्य. मग चारही बल्ब बदलले. होल्डर पॉलिश पेपरने घासले, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पितळही हिरवं पडतं. तरी तेच. तेव्हा मी दुकानदाराला फोन लावला आणि फ्लॅशर डुप्लिकेट दिलास म्हणून झापलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. फोन ठेवला, तर काका आपल्या टोपीशी चाळा करत उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

म्हणून शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली. टेस्ट लॅम्प घेतला. हा एक साधा बल्ब, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला आणि सुई मागच्या होल्डरमध्ये टेकवली. लॅम्प लख्ख लागला आणि उघडझापही झाली. म्हणजे करंट येत होता, फ्लॅशरही चांगला होता. अडत होतं ते परत जाताना.

बॅटरीतून निघालेला करंट बल्बमधून फिरून बॅटरीत परत यावा लागतो. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. या गाडीत हेडलाइटला अर्थची वेगळी वायर आहे, इंडिकेटरला नाही. त्यांचा करंट इंडिकेटरच्या दांडीतून नटात, नटातून गाडीच्या लोखंडात, असा परत जातो. मी वायरचा एक तुकडा घेऊन दांडीपासून थेट बॅटरीला जोडला. मागचा दिवा टकटक करायला लागला.

मग नट खोलला. खाली काळा तुळतुळीत रंग. कंपनीचाच असेल असं मी सकाळपासून धरून चाललो होतो, इतका सफाईदार. स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर जाड पापुद्रा सुटला.

"काका, हो रंग खंयचो?"

"होडयेचो. तीन हात मारलंय. एकेक पार्ट खोलून."

"ह्या भोकाच्या आतसून पण?"

"मगे? होडयेत भोक कोरडा सोडून चालात? पाणी शिराचा नाय?"

वॉशरसुद्धा दोन्ही बाजूंनी रंगवले होते. पुढे कुठेतरी केसाएवढी फट राहिली असेल, म्हणून तिथे मिणमिण तरी होती. एरवी चारही इंडिकेटरची परतीची वाट काकांनी अशी पक्की बुजवली होती की खारं पाणी सोडा, करंटही शिरणार नाही. मी कपाळावर हात मारला.

"असा करूक तुमका सांगल्यान कोणी?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तूच सांगितलंस मा! दोन म्हयन्यांआधी. गंज धरता म्हटलंय मी, तर तू म्हणालंस, होडयेसारखी रंगवा, पाण्यात घातलास तरी काय होवचा नाय."

आठवलं. चहा पिता पिता म्हणालो होतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी हसलो होतो, बाजूचेही हसले होते. काका हसले नव्हते, ते घरी जाऊन कामाला लागले होते.

आता सरळ उपाय म्हणजे नटाखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करणं. मी पॉलिश पेपर उचलला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"खरवडू नको रे. पंधरा दिवस घालवलंय त्येच्यात."

खरवडलं असतं तर पावसाळ्यापर्यंत तिथे गंज धरलाच असता, हेही खरं. आणि असा हात मारणाऱ्या माणसाचं काम माझ्या चुकीपायी ओरबाडायला मलाच जिवावर आलं. म्हणून चारही इंडिकेटरना अर्थची वेगळी वायर ओढली. दांडीच्या आतून नेली, फ्रेमच्या कडेने बांधली आणि बॅटरीच्या मायनसला आणून जोडली. अर्ध्या तासाच्या कामाला पूर्ण दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः काकांबरोबर आरटीओत गेलो. साहेब गाडीभोवती एकदा फिरले.

"डावा द्या."

टक टक टक टक.

"उजवा."

तोही चालला. साहेबांनी टाकीवरून बोट फिरवलं. "गाडी जुनी आहे ना? मग रंग इतका नवा कसा?"

"मेस्त्रींनी सांगितलं तसा केला, साहेब," काका अदबीने म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं.

पासिंग झालं. काका मला घरी सोडायलाही थांबले नाहीत. तोंडवलीला एक होडी अर्धी रंगवून ठेवली होती, तिकडे परस्पर निघाले. फाटकाशी त्यांनी उजवा इंडिकेटर दिला आणि वळले. मी एसटीने परत आलो.

थट्टा मी अजूनही करतो, स्वभावाला औषध नाही. फक्त आधी गिऱ्हाइकाला विचारून घेतो, तुमचा धंदा काय. आळशी माणसाला काहीही सांगावं, तो करत नाही. कसबी माणसाशी बोलताना जपावं.