बसंतीबाईच्या हातची हलकी वाइन

बसंतीबाई आडेच्या दारूबद्दल काळीटेक तांड्यावर वीस वर्षांत एकच तक्रार आली. एका गिऱ्हाईकानं पेला तोंडाला लावला, घोट घेतला आणि चारचौघांत म्हणाला, "पाणी टाकलं वाटते. हलकी आहे."

त्या धंद्यात याहून मोठी शिवी नव्हती. मोहाची दारू घसा जाळत उतरली पाहिजे, नाहीतर ती दारू कसली? बसंतीबाईनं त्याच्या हातातला पेला घेतला आणि उरलेली दारू त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत ओतली. भडका असा उठला की गिऱ्हाईकाची अर्धी मिशी गेली. पुन्हा तिच्या मालाला हलकं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पुढं तिनं भट्टी सोडली, ती पोलिसांच्या भीतीनं नव्हे. पोलिसांची तिला सवय होती. भट्टी सुटली वैष्णवीमुळं. लेक पुसदला नर्सिंगला गेली आणि पहिल्याच सुट्टीत घरी येऊन आईला म्हणाली, "याडी, होस्टेलात पोरी विचारतात, तुझी आई काय करते? मी रोज काय सांगू? तू भट्टी लावशील तर मी सुट्टीतही तिकडंच राहीन." नवरा नेमसिंग खाटेवर पडून ऐकत होता. तो म्हणाला, "पोरगी शिकून शहाणी झाली." त्याचं काय जात होतं? भट्टी कधी त्यानं लावली नव्हती आणि विझवायलाही तो उठणार नव्हता. बसंतीबाईनं मात्र दुसऱ्या दिवशी मडकी फोडली आणि सोयाबीनच्या निंदणाला जाऊ लागली.

निंदण वर्षभर नसतं. म्हणून प्रेरणा तांड्यावर आली तेव्हा बसंतीबाईला देवच पावला. प्रेरणा पुसदच्या कास्तकाराची मुलगी. अमरावतीला खाण्यापिण्याच्या पदार्थांचं शास्त्र शिकून आली आणि बापाच्या वावरात टेकडीखाली शेड टाकून जांभळाची वाइन करायला लागली, रीतसर लायसन काढून. डिगरीवाला माणूस या कोपऱ्यात यायला तयार नव्हता. तेव्हा तिनं विचार केला, आंबवण्याचं काम ज्यांच्या हाडीमाशी आहे त्यांनाच विचारावं. बसंतीबाईनं टाकीला कान लावला, आतली खदखद ऐकली आणि सांगितलं, "अजून दोन दिवस हाये." प्रेरणाच्या यंत्रानंही तेच सांगितलं. नोकरी पक्की झाली.

पण वाइन काही खपेना. दोन वर्षं झाली. जांभळाची सालं रसात दहा-दहा दिवस ठेवायची, रंग काळाभोर यायचा आणि चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटून बसायची. बसंतीबाईला ती फार आवडायची. जोर होता तिच्यात. नागपूरच्या दुकानदारांकडून मात्र एकच निरोप यायचा : लोक एकदा घेतात, परत मागत नाहीत. तिसऱ्या वर्षीच्या जांभळाच्या वेळी प्रेरणानं तिला बसवून सरळ सांगितलं, "मावशी, ही शेवटची टाकी. ही गेली नाही तर बाबा शेड मोडून गोठा करणार आहेत."

बसंतीबाईनं मनात हिशेब केला. शेड गेली तर पुन्हा निंदण, आणि निंदण संपलं की चुलीसमोर बसून भट्टीचे विचार. ती स्वतःला चांगली ओळखून होती.

आता जे घडलं ते आज हसत सांगता येतं म्हणूनच सांगतो.

टाकी भरून दुसरा दिवस. प्रेरणा कामानं यवतमाळला गेलेली. बसंतीबाई लाकडी दांड्यानं वर आलेली सालं रसात दाबत होती, तेवढ्यात तिची नजर खालच्या रस्त्यावर गेली. तळ्याच्या पलीकडं जीप वळत होती. एक्साईजची. ती जीप तिला दोन मैलांवरून ओळखू यायची. तळ्याला वळसा घालून यायला वीस मिनिटं, हेही ठाऊक.

पुढं तिनं काही ठरवलं नाही. हातांनी ठरवलं. धाड पडली की पहिल्यांदा सडवा, म्हणजे आंबायला घातलेला चोथा, नाहीसा करायचा, कारण सडवा सापडला की केस झालीच. रस कुठंही लपवता येतो. वीस वर्षं हेच केलेलं. तिनं खालचा नळ उघडला, फडकं लावून रस बाजूच्या रिकाम्या टाकीत सोडला, झाकण घट्ट केलं. मग सालांचा सगळा गर घमेल्यांनी उपसला आणि मागच्या शेणखताच्या खड्ड्यात लोटून वर कापसाची वाळकी पऱ्हाटी पसरली. घामाघूम झाली बिचारी. जीप दारात उभी राहिली तेव्हा जांभळे हात पाठीमागं लपवून ती भिंतीला टेकून उभी होती.

साहेब आले. तरुण पोरगा, कपाळावर घाम. त्यांनी भरलेल्या टाकीचं माप घेतलं, वहीत सही केली, प्यायला पाणी मागितलं. तिनं हात पदराखाली झाकूनच तांब्या पुढं केला. ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मावशी, एवढं काहून घाबरून राह्यल्या? नेहमीची तपासणी आहे. लायसन आहे न तुमचं."

आणि त्यांनी बोट वर केलं. तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला काचेच्या चौकटीत लायसन टांगलेलं होतं. गेली दोन वर्षं रोज सकाळी त्याच्यावरची धूळ तीच पुसत होती.

जीप गेली आणि बसंतीबाई मटकन खाली बसली. शेणात गेलेली सालं परत येणार नव्हती. टेकडीवरची जांभळंही संपली होती. लेकीसाठी मडकी फोडली आणि आता आपल्याच हातानं नोकरी शेणात घातली, असं म्हणत ती रडली. जुन्या धंद्याचा नियम होता, काही कबूल करायचं नाही. पण संध्याकाळी प्रेरणा दारातून आत यायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं.

प्रेरणा क्रेटवर बसली. मग उठून तिनं टाकीला कान लावला. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बसंतीबाईला बरं वाटलं असतं.

"राहू द्या मावशी," प्रेरणा म्हणाली. "रस आंबून राह्यला न? आंबू द्या. होईल ते पाहू."

रस आंबला, निवळला. डिसेंबरात पहिली बाटली भरली तेव्हा बसंतीबाईला तोंड कुठं लपवू असं झालं. रंग कसला, तर डाळिंबाचे दाणे पाण्यात चुरडल्यासारखा गुलाबी. बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती. तिनं चाखून पाहिली. जीभ कुठं चिकटली नाही, घसा जळला नाही. पाणीच की हे.

त्याच आठवड्यात नागपूरहून गोपाल नावाचा हॉटेलवाला आला. पुसदला लग्नाला आलेला, जाता जाता डोकावला होता. प्रेरणानं ग्लास पुढं केला. बसंतीबाई कोपऱ्यात बाटल्या पुसत होती, पण सगळं लक्ष त्या माणसाच्या ओठांकडं.

त्यानं घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला.

"हलकी आहे," तो म्हणाला.

बसंतीबाईनं हातातली बाटली खाली ठेवली. झालं. तिला वाटलं, पाया पडावं याच्या आणि सांगावं की पोरीचा काही दोष नाही.

"किती दिवसांपासून असली शोधून राह्यलो मी," गोपाल म्हणाला. "मागल्या वर्षीची तुमची घेतली होती, ती काढा होता काढा. आता लोकांले जड नाही पाह्यजे. जेवता जेवता घ्यावं, गप्पा माराव्या, सकाळी डोकं धरून बसू नये. आमच्याकडे तर लेडीज लोक पहिले विचारतात, लाइट काही आहे का? किती बाटल्या आहेत?"

"तीनशे," प्रेरणा म्हणाली.

"सगळ्या ठेवा. अन् पुढल्या वर्षी याच्या दुप्पट करा."

बसंतीबाईला आधी काही कळलंच नाही. हलकी म्हटल्यावर लोक मिशी जाळून घेतात, हा तिचा अनुभव. हलकी म्हणून सगळा माल उचलणारा माणूस ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती. मग हळूहळू ध्यानात आलं. शेड राहणार. गोठा होत नाही. तिनं पदर तोंडाला लावला, कारण हसू येत होतं की रडू हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"सालं किती दिवस ठेवली?" गोपालनं विचारलं.

"दोन," प्रेरणा म्हणाली.

"दोनच? हे कोणाचं डोकं?"

प्रेरणानं कोपऱ्याकडं पाहिलं. बसंतीबाईनं मग एक्साईजच्या जीपपासून शेणखताच्या खड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. गोपाल एवढा हसला की त्याला भिंत धरावी लागली. हसून झाल्यावर त्यानं खिशातून पेन काढलं.

"मेनूवर लिहितो मी, कोणाच्या हातची आहे ते. नाव सांगा मावशी."

ही दारू कोणी काढली, असं तिला आजवर अनेकदा विचारलं गेलं होतं, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या हातात असंच पेन असायचं. अख्ख्या तांड्याचं उत्तर ठरलेलं होतं : मले नाही ठाव. लेकीनं होस्टेलात काय सांगावं, याचंही तिच्याजवळ आजवर तेवढंच उत्तर होतं.

बसंतीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं आली.

"म्या काढली," ती म्हणाली. "लिहा. बसंतीबाई नेमसिंग आडे. राहणार काळीटेक तांडा, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. पुरं लिहा, अन् असंच एका चिठ्ठीवर लिहून मले द्या. पोरीले पाठवतो."