फरशी बसून बघावी

"मग माणसानं जमिनीवर बसायचंच नाही का?"

हे मी भर शोरूममध्ये ओरडले. विजय, म्हणजे माझा मुलगा, इकडेतिकडे बघत पुटपुटला, "आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. टाइल्स बघून कंटाळले असतील!"

भांडण घरून निघतानाच सुरू झालं होतं, शोरूममध्ये ते फक्त एसीत आलं. हैदराबादेतलं तारनाक्याचं आमचं जुनं घर पाडून तिथेच नवं बांधतोय. विजयला आणि माझ्या सुनेला, केतकीला, घरभर पांढरीशुभ्र चकचकीत टाइल हवी. मला निदान स्वयंपाकघरात तांदूरची करडी फरशी हवी, आपल्या शहाबादीची बहीणच ती. आणि खिडकीपाशी विळी घेऊन बसण्याइतकी मोकळी जागा हवी. बाकी घरात खुशाल काचा लावा! पण विजयचा एकच धोशा, "या वयात खाली बसायचं नाही. तुला छान उंच स्टूल घेऊ."

तेवढ्यात सेल्समन पुढे सरसावला. "अम्मा, ये देखो, इसमें आपका चेहरा दिखता!"

"चेहरा देखने को घर में आईना है," मी म्हटलं, "उसपे मैं चलती नहीं!"

* * *

घर बांधायला काढलं की वाळू, खडी, विटा कधी वेळेवर येत नाहीत. किस्से मात्र रोज टेम्पो भरून येतात. भिशीच्या बायकांना सांगून सांगून संपेनात, म्हणून इथे उतरवतेय.

आधी एक सांगते. मी चौथी शिकलेली. पुढचं माझं मी शिकले. लग्न होऊन उदगीरकडून इथे आले, तेव्हा बसच्या पाट्यांवरून तेलुगू शिकले. इंग्रजी विजयच्या पुस्तकांतून. तो स्वयंपाकघरात फरशीवर बसून मोठ्यानं घोकायचा, शेजारी मी भाकरी थापायचे. पाठ त्याच्याआधी मला व्हायचं! ती फरशी म्हणजे माझी शाळा. तेव्हा तिच्यावर बसायचं की नाही, हे मला कुणी शिकवू नये.

* * *

आमची डिझायनर हरिणी. गोड पोरगी, बोलते इंग्रजी, वैतागली की तेलुगू. तिनं लॅपटॉपवर नव्या स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं. मधोमध ओटा, त्याला म्हणे आयलंड म्हणायचं. त्याला टेकून एक सडपातळ बाई उभी, हातात उंच दांड्याचा ग्लास.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही आँटी. उंचीचा अंदाज यावा म्हणून."

"आमच्या घरात राहणार असेल तर भाकरी येते का विचार तिला! आणि मी कुठाय?"

पुढच्या वेळी हरिणीनं मला घातलं चित्रात. पांढऱ्या केसांची म्हातारी, बाल्कनीत, खुर्चीवर, अंगावर लोकरीची शाल. "दॅट्स यू, आँटी!"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरातून काढलंस ते काढलंस, पण हैदराबादच्या उन्हाळ्यात शाल का पांघरलीस गं मला?"

* * *

मग दिव्यांची खरेदी. नव्या हॉलचं छत दोन मजले उंच, तिथे झुंबर हवं असं विजयच्या डोक्यात बसलं. कोटी बाजाराजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अम्मा, नवाबां के घर जैसा दिखता!"

"नवाबां के पास पोंछनेवाले थे. हमारे पास कौन है?"

"पोंछने की फिकरच नक्को अम्मा! रिमोट से नीचे आता." त्यानं बटण दाबलं. झुंबर डुलत डुलत खाली आलं आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर थांबलं. त्यानं परत बटण दाबलं. सेल बदलले. रिमोट तळहातावर आपटला. झुंबर ढिम्म! ते नेमकं दाराच्या वाटेत, त्यामुळे बाहेर पडायचं तर त्याच्याखालून वाकूनच जायचं.

विजय कमरेत वाकून बाहेर पडला. मी दुकानदाराला म्हटलं, "अच्छी चीज है. शादी के बाद पहली बार इसको किसी के आगे झुकते देखी!"

* * *

केतकी पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. तिला उजेड नको असतो, "मूड" हवा असतो. घर तयार होईपर्यंत आम्ही जवळच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय. तिथे जेवायच्या टेबलावर तिनं पिवळा मंद दिवा टांगून बघितला. पहिल्याच दिवशी विजयनं त्या उजेडात भेंडी समजून मिरची चावली.

मूड लगेच बदलला!

* * *

या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नेमकी तीच पांढरी चकचकीत टाइल आहे. एके दिवशी स्वयंपाकघरात धप्पकन आवाज आला. जाऊन बघते तर केतकी खाली. पाण्याचे दोन थेंब सांडले होते, पांढऱ्यावर दिसतात कुठे? मी हात दिला. ती कळवळत उठली आणि पहिलं वाक्य काय बोलली? "आई, विजयला सांगू नका हं. टाइल मीच पसंत केलीय."

नाही सांगितलं. शब्द म्हणजे शब्द. पण त्या दिवसापासून ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली. मी तर पहिल्या दिवसापासूनच चालत होते.

आठवडाभरानं विजय खुशीत म्हणाला, "सासूसुनेचं हल्ली फार जमतंय! बघावं तेव्हा दोघी एकाच बाजूला!"

* * *

तांदूरच्या फरशीचा ढीग बघायला मी हट्टानं गावाबाहेरच्या गोदामात गेले. एक फरशी आडवी करून घेतली, हातानं धूळ झटकली आणि मांडी घालून बसले. मालक घाबरला. "अम्मा, क्या हुआ?"

"हुआ कुछ नहीं. बैठने की चीज है, बैठके देख रही."

छान गार लागत होती. मी डोळे मिटले. विजयनं तेवढ्यात माझा फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ लिहायची की नाही? नुसताच फोटो! गोदाम, धूळ, दगड आणि मध्ये डोळे मिटून बसलेली मी.

दोन-तीन तासांनी विजयच्या मोबाइलवर लातूरच्या दिरांचा फोन आला. मीच उचलला.

"वहिनी कशा आहेत?" भावजींचा आवाज कापरा.

"मीच बोलतेय."

भावजी म्हणाले, "मग आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरू का?"

* * *

आता आणखी एका दिव्याचं. भाड्याच्या स्वयंपाकघरात आपोआप लागणारा दिवा आहे. माणूस हललं की लागतो, हालचाल थांबली की विझतो. हरिणी म्हणते, नव्या घरातही सगळीकडे हेच लावू, वीज वाचते. आता उभ्यानं काम करणाऱ्याला ठीक आहे. मी ओट्याआड खाली बसून भाजी निवडते, नुसती बोटं हलतात. ती दिव्याच्या हिशेबात नाहीत! थोड्या थोड्या वेळानं अंधार. मग मी हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवायचा, की महाराज प्रकटणार.

एकदा बेल वाजली. दारात एक अनोळखी तेलुगू बाई, हातात डबाभर पुलिहोरा, म्हणजे आपला चिंचेचा भात. म्हणाली, "रोजू पिलुस्तुन्नारु कदा, अंदुके वच्चानु!"

रोज बोलावता ना, म्हणून आले! समोरच्या इमारतीत राहायची. खिडकीतून माझा फक्त हात दिसायचा तिला. तीही बिचारी इतके दिवस तिकडून हात हलवत होती!

आता आम्ही मैत्रिणी आहोत. दिव्यानं एवढं एक चांगलं काम केलं.

* * *

परवा संध्याकाळी फरशीचा निकाल लागायचा होता. दुसऱ्या दिवशी ऑर्डर जाणार. हरिणी लॅपटॉप घेऊन आली. हॉलमध्ये ती, विजय आणि केतकी. स्वयंपाकघर हॉलला लागूनच, मध्ये भिंत नाही, नुसता ओटा. त्या ओट्याआड मी खाली बसून अंबाडी निवडत होते. मला कुणी बोलावलं नाही. मीही गेले नाही.

विजय म्हणाला, "पांढरीच फायनल करू. आईला मी सांगेन समजावून."

केतकी हळूच म्हणाली, "स्वयंपाकघरात तरी आईंची फरशी घेऊ या की."

"अगं, एका घरात दोन फरश्या विचित्र दिसतात. आणि आई आता घरात कुठे खाली बसतेय? मी तर बघितलं नाही हल्ली."

तेवढ्यात दिवा विझला.

मी हात हलवला नाही.

"सी? हीच तर गंमत," हरिणी खूश होऊन म्हणाली. "किचनमध्ये कोणी नाही, लाइट ऑफ!"

"बघ केतकी," विजय म्हणाला, "किती हुशार दिवा आहे!"

मग मी अंबाडीची जुडी खाली ठेवली आणि अंधारातूनच म्हटलं, "दिव्याला मी दिसले नाही तर चालेल रे विजय, त्याला काही मी जन्म दिलेला नाही!"