डॉक्टरांचं अर्धंच बोलणं

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, याची आधीच माफी मागतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायची सवय आमच्यात कुणाला नाही. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बाबांनाही नाही.

आईचा खुबा झिजला होता. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती भिंत धरून चालायची. डॉक्टर म्हणाले, नागपूरला नेऊन धातूचा सांधा बसवून घ्या. बाबांची प्लांटातली शिफ्ट — म्हणजे तिच्यापाशी राहणार कोण? मीच. आणि माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली.

डॉक्टर आईशी हिंदीत बोलत. मी कॉलेजचा, म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलले. किती बरं वाटलं मला! असे सांधे बसवलेल्यांना पुढे रक्ताचा कॅन्सर होतो की काय, अशी शंका काही जणांना येते, ते म्हणाले. सिद्ध काहीच झालेलं नाही. "माझी आई असती तर मी ऑपरेशन करूनच घेतलं असतं," असंही डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हने रे डाक्टर? लय इंग्रजी झाडून राहिला होता."

"सांधा बसवला तं रक्ताचा कॅन्सर होऊ शकते म्हनते."

"अन् आखीन काय म्हने?"

"बस. इतकंच."

ती चक्क हसली. "मंग राहू दे बाप्पा! लंगडी तं लंगडी, जिती तं राहीन."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं होतं — तेव्हा तरी सांगता आलं नसतं का? मी रिक्षा बघायला रस्त्यावर गेलो.

परीक्षा झाली. फर्स्ट क्लास मिळाला. एम.एस्सी.साठी जबलपूरला गेलो. दर सुट्टीत आई आणखी खचलेली दिसायची — आधी बसल्या-बसल्या सरकायची, मग तेही सुटलं, खाटेवरच असायची. दर सुट्टीत ठरवायचो, या वेळी सांगू. सांगितलं का? नाही. परीक्षा तर केव्हाच संपली होती — मग कशासाठी गप्प राहिलो?

शेवटच्या वर्षी होस्टेलच्या ऑफिसात बाबांचा फोन आला. पाठीला पडलेल्या जखमा चिघळून आई गेली होती. मी फोनवरच रडू लागलो. तेच मला समजावत राहिले —

"रडू नोको बेटा. कॅन्सर तं नाही झाला ना तिले. तुयाचमुळं."